गौरांग नावाचा कोणी नाही

"तोंड झाकून लोकायच्या मनातलं विचाराले आल्या का, मॅडम?"

बुटीबोरीच्या कामगार वस्तीत मला भेटलेला पहिला माणूस हे म्हणाला. एप्रिलचं ऊन, डोळे तेवढे उघडे ठेवून मी ओढणी गुंडाळलेली. चिडून मी ती सोडली. तो बघतच राहिला... मग उगाच स्वतःच्या चपलांकडे पाहू लागला.

"मी दीप्ती. समुदाय मानसशास्त्रात एम.ए. करतेय. कारखान्यातल्या आगीनंतर वस्ती एकमेकांना कशी सावरते, त्यावर अभ्यास आहे माझा."

"मी रोशन. सावरत नाही जी कोणी. गप बसते."

त्या आगीत त्याचा मोठा भाऊ प्रेमानंद गेला होता.

रोशन मला घरोघरी घेऊन जायचा. लोक चहा द्यायचे, बोलायचे मात्र नाहीत. सगळ्यांची पोटं त्या कारखान्याच्याच ठेकेदारावर! शेवटी बोलला तो रोशनच. आगीच्या वेळी कारखान्याच्या गोदामाचं मागचं दार बाहेरून कुलूपबंद होतं. आतून भाऊ त्याच्या नावानं हाका मारत होता आणि बाहेर उभ्या रोशनकडे चावी नव्हती. मी वही मिटली.

"अहवालात आम्ही खरं नाव घालत नाही," मी कसंबसं म्हणाले. "दुसरं कोणतं घालू?"

"गौरांग."

मला हसू फुटलं.

"काहून हसता? असं काळं पोट्टं गौरांग असन, असा कोणाले संशय तरी येईन का?"

तेव्हापासून मी त्याला गौरांगच म्हणू लागले. संध्याकाळी तो मला बसथांब्यापर्यंत सोडायचा. वाटेत आम्ही भिवापुरी तिखट लावलेली कैरी खायचो. डोळ्यांत पाणी यायचं, त्याच्याही. आम्ही तिखटाला नावं ठेवायचो.

"फुटाळा तलावावर येता का एक दिवस... माह्यासंग?"

मला जायचं होतं. फार जायचं होतं. "ज्यांच्यावर अभ्यास, त्यांच्यात गुंतायचं नाही. नियम आहे."

"मंग मले अभ्यासातून काढा ना!"

हो म्हणायला कितीसा वेळ लागतो? पण तो अभ्यासातून गेला असता, तर त्याच्याबरोबर ते कुलूपही अहवालातून गेलं असतं.

"मग दाराबद्दल कोण सांगेल, गौरांग?"

"राहू द्या मंग," तो म्हणाला.

विद्यापीठात देण्याआधी अहवाल वस्तीला वाचून दाखवायचा, अशी आमच्या विषयाची रीत. वस्तीतल्या बुद्धविहारात सगळे जमले. दाराशी ठेकेदाराचा माणूसही येऊन उभा राहिला. मी कुलपाचा भाग वाचला, तसा तो ओरडला, "हा गौरांग कोण व्हय?"

"नाव सांगता येणार नाही," मी म्हणाले.

"मंग खोटं हाये सारं! गौरांग नावाचा कोणी नाही इथं."

रोशन उठला. मी मानेनं नको, नको म्हणत होते.

"नाहीच हाये," तो म्हणाला. "मी बोललो ते. माह्या भावाच्या हाका आयकल्या मी. दाराले कुलूप होतं."

मग त्याची आई, सरिताबाई, भिंतीला धरून उठली. "मीबी पाहिलं कुलूप."

दुसऱ्याच दिवशी रोशनचं काम गेलं. बुटीबोरीत दुसरं कुणी त्याला उभं करेना. महिन्याभरात तो हैदराबादला निघाला. मी थांब्यावर गेले, ओढणी गुंडाळून.

"आता तं मी अभ्यासात नाही ना?"

"अभ्यास संपला."

"मंग गौरांग म्हणू नका."

इतके दिवस जपून लपवलेलं त्याचं नाव ओठांवर येईना. बस आली. तो पायरीवर चढला, तशी मी तोंडावरची ओढणी ओढून काढली.

"रोशन... प्रेम आहे माझं तुझ्यावर! परत ये."

तो हसला. डोळे भरलेले. "आता कशी तोंड उघडून बोलली वं!"

बस वळणाआड गेली. वस्तीतल्या बाया थांब्यावर उभ्या होत्या, माझ्याकडेच पाहत होत्या. मी ओढणी पुन्हा गुंडाळली नाही, त्यांच्यासमोर तशीच रडत उभी राहिले.