दौलतरावाच्या शहराचे चार सिग्नल

"चोर आजच सापडला पाहिजे, बाई! उद्या रेल्वेचे साहेब माही गाडी पाह्यले येऊन राह्यले!"

दौलतराव दारातूनच ओरडला. तो मालगाडीचा ड्रायव्हर. पुलगावात रेल्वेच्या क्वार्टरात राहायचा. कुंताबाईनं चपला काढल्या. पोलिसांना जे सापडत नाही ते शोधून देणं हा तिचा धंदा. मागून तिचा भाऊ रूपराव धापा टाकत आला.

आतली अख्खी खोली म्हणजे एक खेळण्यातलं शहर होतं. पुलगाव आणि नाचणगाव वाढत वाढत एक झालं तर काय होईल, ते दौलतरावानं जमिनीवर मांडलं होतं. रेल्वेची एक गोल लाईन, एक नदीवरून जाणारी, एक जमिनीखालून थेट बाजारात निघणारी. छत्रीच्या काड्यांचे रूळ. रॉकेलच्या डब्याच्या पत्र्याचे डबे. इंजिनात घड्याळाची स्प्रिंग. मोहल्ल्या-मोहल्ल्यात स्टेशन.

"गेलं काय?"

"सिग्नल. चारही. काल रंगवून वाळत ठेवले, सकाळी गायब!"

"अन् इंजिन?"

"ते हाय."

पितळी इंजिन समोरच चमकत होतं. रूपराव हसला. "चोर येडा दिसते. पितळ सोडून काड्या नेल्या." मग वाकून म्हणाला, "वा! स्टेशनापाशी पळस काय फुलला हाय!"

"पळस? कडुनिंब हाय तो, आंधळ्या!" दौलतराव भडकला.

त्याची बायको यशोदा भेदरं आणि मीठ घेऊन आली. शेजारच्या तानबाच्या वाडीतली भेदरं, म्हणजे टोमॅटो, काही पिकली, काही कच्ची. दौलतरावानं एकेक दाबून पाहिलं आणि मऊ लागलं ते पाहुण्यांना दिलं.

"खोलीची किल्ली कोणापाशी असते?" कुंताबाईनं विचारलं.

"माह्या कमरेले," यशोदा म्हणाली. "बाई, सिग्नल नसले तं काय बिघडते? साहेब गाडी पाहीन, शहर पाहीन. कशाले शोधता?"

"वहिनी, नखांत लाल काय?" रूपराव मधेच बोलला. "मेंदी?"

"कुंकू सांडलं."

कुंताबाई उठली.

दुकानात मोतीलाल घड्याळवाल्यानं भिंगातून डोळासुद्धा काढला नाही. "स्प्रिंगा मीच देल्या. इंजिन मागतलं होतं, दौलतराव नाई म्हणाले. सिग्नलचं काय लोणचं घालू?"

दौलतरावाचा फायरमन श्रीनिवास ट्रंक भरत होता. बडनेऱ्याला बदली झालेली.

"आजपासून दौलतमामाले दुसरा जोडीदार," तो म्हणाला. "दिवसा सिग्नलचा हात दिसते, रातच्याले नुसता दिवा. तो दिसला का एकानं रंग ओरडाचा, मंग दुसऱ्यानं ओरडाचा. नियमच हाय."

"पहिले कोण ओरडते?"

"मी."

"नेहमी?"

त्यानं हातातला सदरा ट्रंकेत टाकला. "व्हय. मामा माह्या मागून ओरडतात."

रस्ताभर कुंताबाई भराभरा चालत होती. रूपराव वैतागला. "मोतीलालच हाय. तोंडच तसं हाय त्याचं!"

"तू गप बस बे."

दिवेलागणीला ती परत खोलीत आली. "यशोदा, घेऊन ये."

यशोदानं पदर खोचला. मग आत गेली आणि पिठाचा डबा घेऊन आली. पिठातून चार सिग्नल निघाले.

"तू?" दौलतराव उठून उभा राहिला. "काऊन वो?"

"पितळ ठेवून काड्या कोण नेईन? ज्याले विकाचं नाई, लपवाचं हाय तो," कुंताबाई हळू बोलली. "कुलूप तुटलं नाई, किल्ली इच्या कमरेले. नखांत कुंकू नाई, रंग. तुमचे कडुनिंब लाल हायेत, दौलतराव. तुम्ही भेदरं दाबून पाहता, कारण लाल-हिरवं पाहून समजत नाई. अन् श्रीनिवास ओरडल्याबिगर तुम्ही ओरडत नाई."

तिनं सिग्नल ओळीनं ठेवले. थांबायच्या सिग्नलचा हात लाल असतो. इथे तीन हात हिरवेगार. चौथा काळपट, हिरव्यावर लाल फासलेलं.

"म्या रंगवून पाह्यलं," यशोदा रडायला लागली. "ओल्यावर चढेना. झाडं चालून जातीन, पण रेल्वेचा साहेब हिरवा हात पाहीन तं डोळे तपासाले पाठवीन. नोकरी गेली का क्वार्टर गेलं. लेकराईले घेऊन कुठी जाऊ?"

दौलतरावानं एक सिग्नल डोळ्यांजवळ नेला, कंदिलाशी नेला, खिडकीशी नेला.

"मले वाटे, आजकाल रंगच फिके येतात," तो म्हणाला.

रूपरावाला तेव्हा कुठं समजलं. "ताई, पण आज रात्री..."

दारावर थाप पडली. ड्युटीचं बोलावणं घेऊन रेल्वेचा खलाशी आला होता. "दौलतराव, मालगाडी तयार हाय. नवा फायरमन पोचला, पोरगं हाय अजून. चला."

यशोदा कुंताबाईकडे पाहायला लागली. दौलतरावही. जसं काही चोर शोधणारीला पुढचंही माहीत असतं. कुंताबाईनं दाराकडे पाहिलं, मग यशोदाकडे. जा म्हटलं तर वाटेत कोण मरेल? नको म्हटलं तर हे घर.

"सांग, दौलत येत नाई," दौलतराव म्हणाला.

"बिमार लिवू?"

"लिव." मग मान हलवली. "नको. साहेबाले म्हण, उद्या मीच सांगतो."

"काय सांगता?"

दौलतरावानं हातातला सिग्नल खाली ठेवला. खलाशी गेला.

यशोदानं एक सिग्नल उचलला, त्याच्या भोकात रोवला. हिरवा हात आडवा, म्हणजे थांबा. दौलतरावानं इंजिनाला चावी भरली आणि सोडलं. गाडी नदीवरून आली, लाल कडुनिंबांमधून गेली. सिग्नलपाशी थांबेल म्हणून रूपराव उगाच वाकून पाहत राहिला.

स्प्रिंग होती तोवर ती फिरत राहिली.