बंद शेडमधली गाडी

सरका रे जवळ, अन् ते मोबाइल ठेवा खाली. ही ऐकीव गोष्ट नाही. ज्याच्यावर बेतली तो भोजराज अजून एकोडीत आहे, जाऊन विचारा.

गेल्या वर्षीच्या बुद्ध पौर्णिमेची रात्र. भोजराजच्या पुतणीचं, रुचिताचं लग्न आठवड्यावर आलं होतं. तिचे वडील गुलाब जवाहरनगरच्या फॅक्टरीत होते. ते वारले तेव्हापासून त्यांची लाल गाडी गावातल्या शेडमध्ये उभी होती. पोरीचा एकच हट्ट, "काका, बाबाच्याच गाडीत बसून जाईन मी." तिला नाही कसं म्हणणार? भोजराजनं शब्द दिला.

माणूस कामाचा, पण महासंशयी. चहात साखर कमी पडली तरी चोर शोधणारा. शेडची दुसरी किल्ली शेजारच्या चुलतभावाकडे, अंकुशकडे असायची. "स्टेपनी त्यानंच लांबवली," असं हा गावभर सांगत फिरे. म्हणूनच काम रात्री काढलं, कोणाला न कळवता. शेडचं दार आतून लावलं अन् कडीत लाकूड अडकवलं.

गाडी मात्र रीतीनं उठवली हो त्यानं. जुनं पेट्रोल नळीनं काढून साकोलीहून आणलेलं नवं टाकलं. एअर फिल्टरमध्ये उंदरानं धानाच्या तणसाचं घर केलं होतं, ते उपसलं. ऑइल बदललं. प्लग खोलून आत थोडं ऑइल सोडलं अन् पान्यानं इंजिन हातानंच फिरवून पाहिलं, कुठं अडकत तर नाही ना. मग प्लग परत घट्ट कसले, नवी बॅटरी जोडली, चावी फिरवली.

खोकली. पुन्हा खोकली. लागली!

भोजराजचे डोळे भरून आले. उतरून तो उघड्या बॉनेटसमोर उकिडवा बसला, इंजिन ऐकत. सगळं केलं होतं गड्यानं, फक्त दार उघडलं नव्हतं.

तेवढ्यात बाहेर काही वाजलं. पाऊल?

"अंकुश... तूच ना बे?"

त्यानं दाराकडं मान वळवली.

"लपून कायले पाहून राहिला?"

कोणी नाही. फक्त इंजिन. डोकं जड झालं. पाय उचलेनात. वाटलं, जरा पडावं...

तो कलंडला.

अन् हॉर्न वाजला.

गाडीत कोणी नव्हतं. हॉर्न वाजतच राहिला. लांब... थांबेचना...

अंकुश कुऱ्हाड घेऊन धावत आला. दार फोडलं, खिडकीतून हात घालून चावी बंद केली, भावाला ओढत अंगणात आणलं.

"मरून गेला असता ना भाऊ! बंद शेडात गाडी चालू ठेवते का कोणी?"

"तू... बाहेर उभा होता ना?"

"मी झोपून होतो. हॉर्न आयकून उठलो."

भोजराज लहान पोरासारखा रडला. ज्याला चोर म्हणत फिरला, त्यानंच जीव वाचवला होता. उजाडेपर्यंत दोघं अंगणातच बसून राहिले.

सकाळी मिस्त्री म्हणाला, उंदरानं वायर कुरतडली असेल, हॉर्न लागतो कधी कधी आपोआप. असेल बा. भोजराजनंही मान डोलावली. मग गाडी बाहेर काढायला म्हणून आत बसला... अन् तसाच बसून राहिला.

भोजराज बुटका. रात्री त्यानं सीट पार पुढं ओढून लावली होती. गुलाब चांगला सहा फुटांचा...

भोजराजचा पाय क्लचपर्यंत पोचतच नव्हता.