सातव्या खिडकीची दोरी

"माफ करा हं, तुमच्या खिडकीतला पेपर वाचून झाला असेल तर देता का? त्यातलं शब्दकोडं सोडवायचं होतं."

भिंगरीनं हे एका दमात म्हणून टाकलं, आणि लगेच तिला वाटलं, ही पायरी आत्ताच्या आत्ता दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर किती बरं होईल! मागे झाडाच्या आडोशाला तिच्या दोन मैत्रिणी, चष्मिस आणि लंबू, एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून खिदळत होत्या. पैज त्यांचीच होती. मैदानाच्या कडेला तीन दिवसांपासून एक मोटरहोम उभी होती, म्हणजे चाकांवरचं अख्खं घर, आणि तिच्या सातही खिडक्यांना आतून वर्तमानपत्रं चिकटवलेली! आत कोण असेल? चोर? रुसून आलेला नवरा? भूत? "हिंमत असेल तर दार वाजव आणि पेपर माग," लंबू म्हणाली. आता भिंगरीला 'हिंमत असेल तर' म्हणणं म्हणजे मांजरापुढे दुधाची वाटी सरकवण्यासारखंच.

दारात उभा होता तो चोरही नव्हता आणि भूतही नव्हतं. पंचविशीचा असेल. बाह्या दुमडलेल्या, बोटांवर वाळलेला गोंद, शर्टाच्या खिशाला एक जाड सुई टोचलेली. तो हसला नाही, रागावलाही नाही. गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "कुठल्या खिडकीतला?"

"अं?"

"सात खिडक्या आहेत. सोमवारचं कोडं सोपं असतं, रविवारचं अवघड. तुम्हाला कुठलं झेपेल?"

झेपेल! बावीस वर्षांच्या आयुष्यात भिंगरीला हा शब्द कुणी ऐकवला नव्हता.

"रविवारचंच द्या," ती नाक उडवून म्हणाली.

"ते नाही देता येणार. त्याच्यामागे ऊन आहे." आणि आता मात्र तो हसला... डावीकडून सुरू होऊन उजवीकडे जरा उशिरा पोचणारं हसू. "खिडक्यांच्या शेड तुटल्यात हो सगळ्या. पेपर काढला की ऊन थेट पुस्तकांवर."

भिंगरीनं त्याच्या खांद्यावरून आत डोकावलं. जिथं तिथं पुस्तकं! शिवणीत उसवलेली, पाठ मोडलेली, दाबाखाली ठेवलेली. तो शाळाशाळांतून फिरून ग्रंथालयांची फाटकी पुस्तकं शिवून द्यायचा. मुलं त्याला पुस्तकवाला म्हणत. समोरच्या शाळेचं काम शनिवारी संपणार होतं आणि रविवारी सकाळी आठला गाडी पुढच्या गावी निघणार होती.

खिडक्यांच्या खाली त्या बिचाऱ्या शेड मान टाकून पडल्या होत्या. पंख्यासारख्या बारीक घड्या घातलेलं कापड, त्या घड्यांना भोकं, भोकांतून ओवलेली दोरी. कापड धडधाकट होतं. उन्हानं दोऱ्या तेवढ्या कुजून तुटल्या होत्या.

"हे तर आमचंच काम!" भिंगरीच्या तोंडून निघून गेलं. "बाजारातलं पडद्यांचं दुकान आमचंच आहे. उद्या या."

पैज राहिली बाजूला. मैत्रिणींकडे परतताना तिच्या हातात पेपर नव्हता, आणि चेहऱ्यावर काय होतं ते चष्मिसला चष्मा न लावताही दिसलं.

दुसऱ्या दिवशी तो दुकानात आला. भिंगरीच्या बाबांची एक सवय होती. दारातून कुणीही येवो, गिऱ्हाईक, पाहुणा की सख्खा मेहुणा, बाबा चष्म्यावरून बघत पहिलं वाक्य टाकायचे, "काय मोडलंय?"

"शेड," तो म्हणाला. "सात."

"नवीन बसवा. जुन्यात जीव अडकवू नये माणसानं." बाबांनी मापं बघितली. "अशा मापाच्या तयार मिळत नाहीत. तीन आठवडे लागतील."

"रविवारी निघायचंय मला."

"मग पेपर झिंदाबाद," बाबा म्हणाले. "दुरुस्ती आपण करत नाही."

"मी करते," भिंगरी म्हणाली.

शिवणयंत्राचा आवाज थांबला. कोपऱ्यात यंत्रावर बसलेली आई थबकली होती. बाबांनी चष्मा काढला.

"तू? तुला साधं बटण लावताना तीनदा टोचतं!"

"चौथ्यांदा लागतं ना पण?"

आई यंत्रामागून हसली. "दुपारी एक ते चार दुकान बंदच असतं," ती सहज बोलल्यासारखं बोलली. "जाऊ दे तिला."

आणि मग त्या दुपारी सुरू झाल्या...

पहिल्या शेडला अडीच तास लागले. वरची पट्टी उतरवायची, कुजलेली दोरी ओढून काढायची, लांब सुईनं नवी नायलॉनची दोरी एकेका घडीतून ओवायची आणि शेवटी पट्टीच्या आत गाठ मारायची. एक भोक चुकलं की शेड तोंड वाकडं करणार! भिंगरीचं पाचवं भोक चुकलं. मग सतरावं. तो पलीकडे पुस्तक शिवत बसला होता. खाली मान घालून म्हणाला, "दम खा जरा. घडी कुठं पळून चाललीय?"

"आम्ही पटापट कामं करणारी माणसं आहोत. भिंगरी म्हणतात मला."

"नाव तुमचं, पण पायाला भिंगरी माझ्या," तो म्हणाला.

पहिली शेड खिडकीत चढली. वर ओढली, राहिली. खाली ओढली, राहिली! सोमवारचा पेपर निकामी झाला आणि दोघांनी मिळून त्यातलं कोडं सोडवलं. मग तो नियमच पडला. एक शेड चढली की एक पेपर उतरायचा आणि एक कोडं सुटायचं. कोडं सोडवताना डोकी जवळ यायची, मग दोघांनाही एकदम आठवायचं की डोकी जवळ आलीत, आणि मग दोघंही एकदम खिडकीबाहेर बघायची, जिथं बघण्यासारखं काहीसुद्धा नव्हतं.

गुरुवारी टपावर सर आली. पत्र्यावर कुणी मूठ मूठ वाटाणे फेकावेत तसा आवाज. त्यानं दार लोटून घेतलं नाही, अर्धं उघडंच ठेवलं, तिला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. हे त्यानं सांगितलं नाही. तिला कळलं. पाऊस आत येऊन त्याची बाही भिजत राहिली, आणि तो भिजत्या बाहीनं तिला गाठ दाखवत राहिला.

"तुमची गाठ सुटेल ही. बघा, टोक असं दोनदा फिरवायचं, मग आतून घ्यायचं. पुस्तक शिवताना शेवटी हीच मारतो मी. पन्नास मुलांनी ओढलं तरी हलत नाही."

"आणि एक्कावन्नाव्यानं ओढलं तर?"

"तर एक्कावन्नावा तुमच्यासारखा असणार."

शुक्रवारपर्यंत सहा खिडक्या झाल्या. शनिवारी उरली ती सातवी, टेबलावरची. तिच्याखाली एक जुना मोठा नकाशासंग्रह वाळत ठेवला होता. समुद्र निळे, वाळवंटं पिवळी, आणि कडेला कुणा मुलानं पेन्सिलीनं लिहिलेलं, 'मी इथं जाणार.' "हे रंग उन्हात एका दिवसात उडतील," तो म्हणाला होता. "म्हणून ही खिडकी सगळ्यात महत्त्वाची."

भिंगरीनं सातवी शेड चाळीस मिनिटांत ओवली. हात इतके तयार झाले होते! शेवटची घडी, शेवटचं भोक, आणि दोरीचं टोक तिच्या बोटांत... आता गाठ मारली की संपलं. उद्या आठला गाडी निघणार. शेड धड असतील, तर हा माणूस कशाला मागे वळून येईल?

तो पाठमोरा होता. भिंगरीच्या बोटांनी टोक एकदाच फिरवलं आणि आतून घेतलंच नाही. सुटती गाठ! शंभर-दोनशे किलोमीटर हादरे बसले की सरकत सरकत सुटणार. मग येईलच ना तक्रार घेऊन?

"झाली," ती म्हणाली. आवाज जरा चिरकाच निघाला.

त्यानं शेड वर ओढून पाहिली, पट्टीवरून बोट फिरवलं, क्षणभर थांबला... आणि म्हणाला, "छान झालीय."

रविवारचं कोडं त्या दिवशी सोडवायचं राहूनच गेलं.

रात्री जेवताना भिंगरीनं आमटीत पाणी समजून ताक ओतलं. बाबा "काय मोडलंय?" म्हणाले, तर ती ताटावरून उठूनच गेली. डोळे मिटले की तिला निळे समुद्र पांढरे पडताना दिसायचे. 'मी इथं जाणार' लिहिणाऱ्याला जायला जागाच उरायची नाही... कुणीतरी परत यावं म्हणून आपण आपलं काम खोटं केलं? आयुष्यात पहिल्यांदा सात गोष्टी धड जमल्या होत्या, आणि त्यातली सातवी आपल्याच हातानं नासवली!

सकाळी पावणेआठ वाजता तिची सायकल मैदानात शिरली तेव्हा गाडीचं इंजिन सुरू झालं होतं.

"थांबा! थांबा हो!"

तो खाली उतरला. भिंगरीला धाप लागली होती, वेणी अर्धी सुटली होती, आणि एका पायातली चप्पल आईची होती.

"सातवी शेड... मी मुद्दाम... गाठ सुटती मारलीय. ती पडेल. तुमचे नकाशे खराब होतील. मला बांधू द्या नीट, मग जा. आणि रागवायचं असेल तर आधीच रागवून घ्या."

तो बाजूला झाला. भिंगरी आत गेली आणि थबकली. टेबल रिकामं होतं. नकाशासंग्रह वरच्या कपाटात, कापडात गुंडाळून ठेवलेला.

"अहो, माझं आयुष्य दोऱ्याच्या टोकाशी जातं," तो मागून हळूच म्हणाला. "गाठ कालच बघितली मी."

"मग... बांधली का नाहीत?"

तो गोंद लागलेली बोटं एकमेकांवर घासत राहिला. "पडली असती, तर परत यायला कारण मिळालं असतं ना."

बाहेर एक साळुंकी कर्कश ओरडली, जणू लंबूच! भिंगरीला हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. तिनं पट्टी उतरवली. टोक दोनदा फिरवलं, आतून घेतलं आणि करकचून ओढलं. एक्कावन्न मुलांनी ओढलं तरी हलणार नाही असं.

"ही आता सुटायची नाही," ती म्हणाली. "त्यामुळे कारण मिळणार नाही तुला. तसाच ये."

'तुम्ही'चा 'तू' कधी झाला ते तिचं तिलाच कळलं नाही. त्याला मात्र बरोबर कळलं. ते हसू डावीकडून निघालं आणि या वेळी उजवीकडे अगदी वेळेवर पोचलं.

"पुढच्या शनिवारी?"

"चार वाजता. आमच्या घरी. चालेल?"

"पळेल," तो म्हणाला आणि त्यानं घडी घातलेला एक कागद तिच्या हातात ठेवला. रविवारचं शब्दकोडं, सगळ्या चौकटी रिकाम्या. "एकटीनं सोडवायचं नाही हं."

गाडी वळणावर गेली तेव्हा सातही खिडक्यांच्या शेड एकसारख्या ताठ उभ्या होत्या. भिंगरीनं मोजल्या. दोनदा.

घरी आली तर आई-बाबा चहाला बसले होते. आईनं आधी तिच्या पायांतल्या चपलांकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे, आणि कप खाली ठेवला.

"आई, बाबा, मला काहीतरी सांगायचंय. मी ठरवलंय. दोन गोष्टी. एक म्हणजे, उद्यापासून दुकानात दुरुस्ती सुरू, ती मी बघणार. आणि दुसरी, पुढच्या शनिवारी पुस्तकवाला आपल्या घरी येतोय."

बाबांनी चष्म्यावरून पाहिलं. "का? आता काय मोडलंय?"

"काही नाही मोडलेलं, बाबा!" भिंगरी म्हणाली. "सगळं धड आहे. मला तो आवडतो, त्याला मी आवडते, म्हणून येतोय."