ऑसमवाला

पहिल्या भेटीतच तो तिच्या डोक्यात गेला. मावशीच्या दिव्यांच्या दुकानामागे एक खोली होती, तिथे ती दिव्यांच्या कागदी शेड बनवत बसायची. मालावरची लेबलं लिहायला मावशीने नवा माणूस ठेवला होता. तो बावळट चुकीच्या दारातून थेट आत आला आणि तिच्या डिंकाच्या वाटीत कोपर बुडवून उभा राहिला.

"सॉरी! पण काय शेड आहे… ऑसम!"

"ती फाटलीय. टाकून द्यायची आहे."

"फाटलीयसुद्धा किती एपिक!"

ती बघतच राहिली. कोपर धुवायला तिने नळ दाखवला, तर नळ "किलर". चहा दिला, तर चहा "माइंडब्लोइंग". आणि चहात साखर घालायलाच ती विसरली होती! आता अशा माणसाला काय म्हणावं? तिने त्याचं नावच ऑसमवाला ठेवून टाकलं.

एरवी तिने कानाडोळा केला असता. पण शनिवारी मावशी दुकानाच्या दर्शनी काचेत लावायला एकच दिवा निवडणार होती. तिचा निवडला तर ही खोली तिची, नाहीतर सोमवारपासून बाबांच्या ऑफिसात टायपिंग. बाबांनी तर खुर्चीसुद्धा पुसून ठेवली होती. तिला कुणाचं तरी खरं मत हवं होतं, आणि रोज चहाला येणारा माणूस एकच… तोही हा!

"रंग कसा वाटतो?"

"सुपर्ब!"

"आणि कालचा? तो तर याच्या अगदी उलट होता."

"तो तर… लेजंडरी!"

गुरुवारी मात्र तिचा संयम सुटला. "यापुढे एक जरी इंग्रजी शब्द तोंडातून काढलात ना, तर याच डिंकाने ओठ चिकटवीन! साधं बोला. खरं बोला!"

त्याचं हसू मावळलं. "खरं बोललं की लोक दार दाखवतात," तो हळूच म्हणाला. "मागच्या नोकरीत साहेबांना एकदाच खरं सांगितलं… आणि मी बाहेर. ऑसम म्हटलं की कुणी हाकलत नाही. त्यात तुम्ही हाकललंत तर…" पुढचं त्याने गिळलं.

"मी कुणाला हाकलणार? शनिवारनंतर हे दार माझं राहतंय की नाही, त्याचाच पत्ता नाही."

मग तो दिव्याखाली स्टुलावर बसला. वर बघितलं, डोळे बारीक केले.

"उभं राहून बघितलं तर छान आहे. पण बसलं की… बल्ब थेट डोळ्यांत जातो. आणि दिव्याखाली माणसं बसतातच ना?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीन आठवड्यांची मेहनत! "उठा!" ती ओरडली.

तो उठला आणि मान खाली घालून दाराकडे निघाला.

"अहो, कुठे निघालात? मला बसून बघायचंय!"

ती बसली. वर बघितलं. मेल्याचं अगदी खरं होतं!

दोन दिवस खपून दोघांनी शेडची कड चार बोटं खाली आणली. तो कागद धरायचा, ती डिंक लावायची. बोटं बोटांना चिकटायची, आणि दोघंही बिचाऱ्या डिंकाला नावं ठेवायची.

शनिवारी मावशी आली, दिव्याखाली बसली, पिशवीतून पुस्तक काढलं आणि वाचतच राहिली. तीन पानं झाल्यावर म्हणाली, "हाच लावा."

मावशी गेल्यावर ती त्याच्याकडे वळली. "आता आणखी एक खरं सांगा. मी… कशी वाटते?"

"ऑ—" त्याने हाताने तोंड दाबलं. मग एक मोठा श्वास घेतला. "तू रागीट आहेस. चहात साखर रोज विसरतेस. बिनसाखरेचा चहा माझ्या घशाखाली उतरत नाही. तरी रोज येतो… कारण तू मला खूप आवडतेस."

एरवी हिचं तोंड म्हणजे तोफखाना! पण आज त्यातून एकच शब्द सुटला. आणि तोही कोणता…

"ऑसम," ती म्हणाली, आणि तिने जीभ चावली.

तो इतका हसला, इतका हसला, की पुन्हा कोपर डिंकात गेलं. ती पुसायला धावली. आणि मग डिंकाचं निमित्त करून तिने तो हात सोडलाच नाही.