मुंग्यांनी खाल्लेला पुरावा

"हे काय मांडून ठेवलंय टेबलाखाली?"

उत्तराची वाट बघायला ती थांबलीच नव्हती. सरकारी विश्रामगृहाच्या कोपऱ्यातल्या खोलीत टेबलाच्या चार पायांखाली चार वाडगे होते आणि चारही वाडग्यांत पाणी. आरोग्यखात्याची ही डॉक्टरीण सकाळपासून घरोघर फिरून पिंपं, कुंड्या, फुटकी मडकी उपडी करत आली होती. उन्हानं डोकं तापलं होतं, आणि त्याहून जास्त लोकांच्या बेफिकिरीनं.

आरशापुढून एक माणूस वळला. अर्धा गाल साफ, अर्ध्या गालावर साबणाचा फेस, हातात वस्तरा.

"अहो बाई, त्या वाडग्यांत—"

"दिसतंय मला! पाळणे आहेत. डासांच्या बाळांचे पाळणे!"

"पण ते नुसतं पाणी—"

"नुसतं पाणी! सगळे हेच म्हणतात. मग तापानं फणफणले की येतात क्विनीन मागायला!" तिनं टेबलाचा एकेक पाय उचलत पहिला वाडगा कलंडवला, दुसरा, तिसरा... आणि चौथा थेट त्याच्या पावलांवर.

त्यानं पावलांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. रागावला असेल म्हणावं, तर फेसाखालून ओठांचा एक कोपरा हलल्यासारखा वाटला.

"तुम्ही... नेहमीच दुसऱ्याच्या वाक्यात मध्येच शिरता का?"

"डास वाक्य संपायची वाट बघत नाहीत!"

आणि ती तरातरा निघून गेली. फाटकाबाहेर पडल्यावर तिला तो अर्धा फेसाळ चेहरा आठवला, आणि का कोण जाणे, राग आणखी वाढला.

घरी आत्यानं तिला उंबऱ्यातच अडवलं. आईवेगळ्या पोरीला आत्यानंच वाढवलेलं. 'लवंगी' हे नावही तिनंच ठेवलेलं. हातभर फटाके परवडले, पण ही बोटभर लवंगी नको, असं ती शेजारणींना कौतुकानं सांगायची.

"हात धू आधी. रॉकेलचा भपकारा येतोय. आज गटारांत रॉकेल ओतलंस की काय?"

"छे! आज डबा नेलाच नव्हता." तिनं हात नाकाशी नेला. आणि... आणि जागच्या जागी खिळली.

वाडग्यांत रॉकेल होतं! पाण्यावर रॉकेलचा तवंग असला की अळी गुदमरून मरते; ती स्वतः हेच तर गावभर सांगत फिरायची. डास होणंच शक्य नव्हतं. मग टेबलाच्या पायांना रॉकेलचं पाणी कशाला? मुंग्या चढू नयेत म्हणून, दुसरं काय!

"गाढव आहे मी," ती पुटपुटली.

"ते राहू दे. तुझ्या पुरावेबुवांचं पत्र आलं का?"

"नाव काढू नकोस त्या माणसाचं!"

हे पुरावेबुवा म्हणजे शेजारच्या जिल्ह्याचे हिवतापाचे डॉक्टर. दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नव्हतं, पण दीड वर्ष टपालातून कडाकडा भांडत होते. भांडण तळ्यावरून. गावाबाहेरच्या तळ्यावर धुणं धुणाऱ्यांची वस्ती होती. नगरपालिकेच्या अध्यक्षांचं म्हणणं, ताप या घाणेरड्या तळ्यातून येतो, तेव्हा तळं बुजवा, वस्ती उठवा. ती म्हणत होती, हिवतापाच्या डासाला साबणाचं गढूळ पाणी चालतच नाही. तो मोठा सोवळा! त्याला स्वच्छ पाणी लागतं, बंगल्यांच्या गच्च्यांवरच्या उघड्या टाक्यांतलं. अख्ख्या प्रांतातल्या डॉक्टरांना तिनं हे लिहिलं होतं. बाकीच्यांनी पोच दिली. एकट्या पुरावेबुवांनी चार-चार पानांनी वाद घातला, आणि प्रत्येक पत्राचा शेवट एकच — 'आपलं म्हणणं पटण्यासारखं आहे. पण पुरावा?'

आणि उद्या दुपारी तळ्याचा निकाल लागायचा होता. तज्ज्ञ म्हणून अध्यक्षांनी बोलावलं होतं कुणाला? त्याच पुरावेबुवांना!

"वस्तीतली माणसं कुठे जातील, आत्या? पाणी नाही तर धुणं नाही, धुणं नाही तर चूल नाही. आणि हा माणूस येऊन म्हणणार, पुरावा कुठाय!"

आत्या हसली. "जीव असतो तिथंच माणूस भांडतं गं. देवाशी भांडलेले भक्त काय थोडे झाले? परक्याशी कोण डोकं लावतंय!"

"आत्या!!"

सकाळी ती विश्रामगृहावर गेली ती माफी मागायला. पण माफी मागतानाही तिच्या कपाळावर आठी होतीच. दार उघडंच होतं. तो टेबलापाशी उभा होता. आज दोन्ही गाल साफ, आणि चेहरा पार उतरलेला.

टेबलाच्या पायावरून मुंग्यांची काळी रांग खाली उतरत होती. एकीच्या तोंडात पंख, एकीच्या तोंडात केसासारखा पाय. वर लाकडी पेटी उघडी पडलेली. आत ओळीनं टोचलेल्या टाचण्या, आणि टाचण्यांवर काहीच नाही. एकही डास उरला नव्हता.

"आठवडाभर गोळा केले होते," तो म्हणाला.

टाचण्यांखालच्या चिठ्ठ्यांवर तिची नजर गेली. 'अध्यक्षांचा बंगला, गच्चीवरची टाकी.' 'वकिलांचा बंगला, टाकी.' अक्षर बारीक, प्रत्येक 'ल'ची शेपटी लांबवलेली...

हे अक्षर ती दीड वर्ष रागारागानं वाचत होती. रागारागानं, पण दोन-दोनदा.

"तुम्ही... तुम्ही पुरावे—" ती अडखळली.

"बुवा," त्यानं वाक्य पुरं केलं. "तुमच्या आत्याबाई भेटल्या होत्या परवा वस्तीवर. त्यांनीच सांगितलं, तुम्ही मला काय म्हणता ते."

"म्हणजे आत्याला ठाऊक होतं? आठवडाभर या गावात आहात, आणि मला साधा निरोप नाही?"

"तुमचं म्हणणं तुमच्याशिवाय तपासायचं होतं. नाहीतर अध्यक्ष म्हणाले असते, बाईंनीच पढवलं." तो थांबला. "तुमचं बरोबर आहे. शब्द न् शब्द."

दीड वर्ष ज्या वाक्यासाठी ती झुरली, ते वाक्य आलं तेव्हा त्याचा पुरावा मुंग्यांच्या पोटात होता. आणि तो तिनंच घातला होता! डोळ्यांत पाणी आलं, ते दुःखाचं नव्हे, संतापाचं.

"मग ओरडला का नाहीत माझ्यावर काल?"

"वाक्यच कुठं पुरं होऊ दिलंत?"

"आणि मी गेल्यावर? पुन्हा पाणी का नाही भरलंत वाडग्यांत?"

तो कानशिलापर्यंत लाल झाला. "विसरलो. म्हणजे... डोकं ठिकाणावर नव्हतं."

का नव्हतं, हे तिनं विचारलं नाही. पण हातातली पिशवी उगीचच या हातातून त्या हातात घेतली.

"मेलेले गेले तर गेले," ती एकदम म्हणाली. "जिवंत आणू. चला!"

अध्यक्षांच्या बंगल्यावर पहारेकऱ्यानं तिला फाटकातच रोखलं. बाईंना आत सोडायचं नाही, साहेबांचा हुकूम. ती तोंड उघडणार, तेवढ्यात पुरावेबुवा पुढे झाले.

"अरे, परवा जेवायला आलो होतो ना मी? माझी टोपी राहिली गच्चीवर. आणि या... या बाईंना टोप्या चांगल्या सापडतात."

पहारेकरी गोंधळून बाजूला झाला. जिन्यात तिनं वळून पाहिलं. पुराव्यावाचून अवाक्षर न लिहिणारा माणूस धडधडीत खोटं बोलला होता, आणि त्याचे कान अजून लाल होते.

"टोप्या चांगल्या सापडतात?" ती दबक्या आवाजात कडाडली.

"सुचलं ते बोललो. खोटं बोलायची सवय नाही."

"कळलं ते!"

गच्चीवर ऊन भाजत होतं. चुन्यानं रंगवलेली टाकी, झाकण नाही, पाणी आरशासारखं. दोघंही काठावरून वाकले. पाण्यात दोन चेहरे शेजारी शेजारी उमटले, आणि त्या दोन चेहऱ्यांच्या मधून बारीक काडीसारख्या अळ्या आडव्या तरंगत गेल्या.

"किती सुंदर..." तो म्हणाला.

"अळ्या?"

"...अं? हो. अळ्याच."

तिनं भांडं इतक्या जोरात बुडवलं की दोन्ही चेहरे फुटले.

दुपारी सभेत अध्यक्षांनी तळं बुजवायचा ठराव वाचला. खाली वस्तीतली माणसं भिंतीला टेकून उभी होती, तोंडातून ब्र न काढता. ते बघून तिच्या अंगाचा तिळपापड झाला. पिशवीतून दोन काचेचे पेले काढून तिनं टेबलावर ठेवले.

"एक पाणी तळ्याचं, एक टाकीचं. सगळ्यांनी जवळ या आणि बघा. तळ्यातली अळी खाली डोकं करून लटकलीय, हा नुसताच चावरा डास, हिवताप देत नाही. आणि ही? पाण्याच्या वरच्या अंगाला आडवी पसरलीय, गादीवर लोळल्यासारखी. हिवतापाचा डास तो हाच!"

"काहीतरीच," अध्यक्ष म्हणाले. "पाणी किती निर्मळ आहे हे!"

"मग प्या ना! तुमच्याच टाकीचं आहे."

सभेत कुणीतरी फिसकन हसलं. अध्यक्ष लालबुंद झाले. "आम्ही तज्ज्ञांना बोलावलंय! बोला डॉक्टर, बाईंचा हा आरडाओरडा तुम्हाला तरी पटतो का?"

तो उठला. हात टेबलावर टेकवून सावकाश बोलला.

"या बाईंशी मी दीड वर्ष वाद घातला. दर पत्रात पुरावा मागितला. आज सगळ्यांसमक्ष सांगतो, त्या बरोबर होत्या, मी चुकत होतो. तळं बुजवाल तर वस्ती जाईल. ताप जाणार नाही. तो तुमच्या गच्चीवर आहे."

पेले हातोहात फिरले. घरी टाक्या असलेले सभासद आपापल्या टाकीच्या आठवणीनं खाकरू लागले. ठराव पडला. टाक्यांना झाकणं बसवायचं ठरलं, आणि पहिलं झाकण अध्यक्षांच्या गच्चीवर. वस्तीतली एक म्हातारी तिच्या गालावरून हात फिरवून गेली, तेव्हा कुठे तिला कळलं की आपल्या मुठी अजून वळलेल्याच आहेत.

पायऱ्यांवर तो वाट बघत होता. हातात ती रिकामी पेटी.

"संध्याकाळची गाडी आहे," तो म्हणाला.

"जा की मग. कोणी अडवलंय?" आवाज चिडका लावायचा होता; तो भलतीकडेच गेला. "पोचल्यावर लिहा. भांडायचं बरंच राहिलंय."

"नाही. पत्रं मी बंद करतोय."

तिचा संताप उसळला. "वा! हरलात म्हणून? दीड वर्ष माझं डोकं खाल्लंत, आणि आता—"

"एकदा तरी वाक्य संपू द्या, बाई!" पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. "पत्रं बंद, कारण बदली मागतोय. इथे. रोज समोरासमोर भांडायचंय मला तुमच्याशी. तुम्ही वाडगे उपडे करायचे, मी पुन्हा भरायचे... जन्मभर. काल तुम्ही गेल्यावर डोकं ठिकाणावर नव्हतं ते याच्यामुळे. त्याआधीही, खरं तर, पत्र यायच्या दिवशी कधीच नसायचं."

रस्त्यावरून एक टांगा गेला. अंगावर उडालेली धूळ तिनं झटकली. मग हनुवटी वर करून म्हणाली,

"म्हणणं पटण्यासारखं आहे. पण पुरावा?"

त्यानं पेटी उघडून दाखवली. नुसत्या टाचण्या.

"होता," तो म्हणाला. "मुंग्यांनी खाल्ला."

आणि लवंगी हसली. दीड वर्षांचा साठलेला राग खळखळून वाहून जावा, तशी हसली. इतकी, की पायरीवर बसावं लागलं. डोळे पुसत तिनं त्याच्या हातातून पेटी घेतली आणि झाकण खाटकन लावलं.

"मग नवा गोळा करा," ती म्हणाली. "इथेच राहून. आणि टेबल आमच्या घरी ठेवा. वाडगे मी भरीन."