सोमवारचं पातेलं

“मिरो, तुझ्या आईच्या चवळीत काहीतरी चुकतंय,” लोईझोस म्हणाला होता.

मी हसले होते. नुसती हसले नाही, त्याची लाल टोपी खाली ओढून त्याचे डोळेच झाकले. “चुकतंय ते तुझ्या जिभेचं. दिवसभर बर्गरच्या वासात उभं राहणाऱ्यानं चवळीवर बोलू नये.”

टोपीखालून त्याचं फक्त तोंड दिसत होतं. ते हसत नव्हतं. समोर सायप्रसमधल्या लिमासोल शहराचा समुद्र होता, हिवाळ्यातला, राखी रंगाचा. बारीक पाऊस येऊ का नको असं करत होता… आणि मी तो विषय तिथंच सोडून दिला.

पण हे मधलंच सांगितलं. सुरुवात झाली ती बसथांब्यावर.

जुन्या मंडईमागच्या त्या थांब्यावर दर सोमवारी दुपारी आमच्या डोंगराकडची बस यायची. तिच्यातून माणसं कमी आणि पातेली जास्त उतरायची. शहरात नोकरीला आलेल्या आम्हा सगळ्यांच्या आया आपापल्या गावच्या फाट्यावर उभ्या राहून पातेलं बसमध्ये चढवायच्या. चौकडीच्या फडक्यात बांधलेलं, वर चार टोकांची गाठ. सोमवार म्हणजे कडधान्याचा दिवस, त्यामुळे झाकण न उघडताही आत काय असणार ते ठाऊक असायचं. चवळी, नाहीतर मोठे वाल, नाहीतर पांढरा घेवडा. याकुमीसकाका, म्हणजे आमचे ड्रायव्हर, खिडकीतून एकेक पातेलं बाहेर काढत आणि गावाचं नाव पुकारत.

त्या दिवशी मला ऑफिसातून निघायला उशीर झाला. धावत पोचले तर बस गेलेली, थांबा रिकामा. फक्त कठड्यावर एक मुलगा बसला होता. अंगात बर्गरच्या दुकानाचा लाल शर्ट, डोक्यावर लाल टोपी. मांडीवर माझ्या आईचं निळं पातेलं. आणि त्याच्या हातात चमचा.

“ते… माझं आहे,” मी म्हटलं.

तो ताडकन उठला. “काकांनी विचारलं, कालोमिलो गावचं कोण आहे? कुणी बोलेना. मग मी म्हटलं, मी.”

“तुम्ही कालोमिलोचे?”

“नाही.”

“मग?”

“भूक लागली होती हो.”

मी पातेलं ओढून घेतलं. झाकण उघडून बघितलं तर मधोमध एक खड्डा. “तुम्ही खाल्लंत यातलं!”

“खाल्लं नाही. चाखलं.” त्यानं चमचा पाठीमागं लपवला. “सहा-सात वेळा चाखलं.”

मला रागच यायला हवा होता. पण त्याच्या हनुवटीवर ऑलिव्हच्या तेलाचा एक थेंब होता, आणि तो माझ्याकडे असा बघत होता, जणू मीच त्याच्या तोंडातला घास काढून घेतलाय… मी त्याला माझा रुमाल दिला.

“हनुवटी पुसा. चोरी दिसतेय.”

त्याला गावच नव्हतं. आई लहानपणीच गेलेली, बाप बोटीवर. दर सोमवारी तो दुकानातून दहा मिनिटांची सुटी घेऊन थांब्यावर यायचा तो नुसता वास घ्यायला, हे त्यानं मला बऱ्याच दिवसांनी सांगितलं. आणि सांगताना बघत होता दुसरीकडेच.

रिकामं भांडं परत पाठवायचं नसतं, एवढं मात्र त्याला माहीत होतं. पुढच्या खेपेला त्यानं माझ्या पातेल्यात आपल्या हातचे तळलेले बटाटे भरून दिले. गावी पोचेपर्यंत ते पार गारठून मऊ पडले असणार. संध्याकाळी आईचा फोन.

“हे बटाटे कुणी तळले?”

“कुणी नाही गं. दुकानातले आहेत.”

“दुकानात काय आपोआप तळले जातात? माणूस असेलच की.” मग हळूच, “दिसायला कसा आहे?”

पुढच्या सोमवारी पातेलं मोठं आलं. गाठीत दोन लिंबं. एक माझं, एक त्याचं.

खरं सांगायचं तर मला कडधान्याचा कंटाळा आला होता. अख्खं लहानपण त्यात गेलेलं. मला हवे असायचे त्याचे बर्गर, गरम, कागदात गुंडाळलेले, बोटांवरून ओघळणारे. मग आमची अदलाबदलच ठरून गेली. समुद्राच्या कठड्यावर मी बर्गर खायची आणि तो मांडीवर पातेलं घेऊन चवळी. चवळीवर कच्चं तेल ओतायचा, लिंबू पिळायचा, कांदा मुठीनं फोडायचा, आणि खाताना बोलायचा नाही. देवळात माणसं बोलत नाहीत तसा.

“एवढं काय आहे रे त्यात?” मी एकदा विचारलं.

“तुझ्या हातातला बर्गर रोज सारखाच लागतो ना?”

“हो. म्हणून तर आवडतो.”

“मी रडत केला तरी तसाच लागतो. मी मेलो आणि दुसऱ्या कुणी केला तरी तसाच.” त्यानं चमचा वर धरला. “यात कळतं. आज तुझी आई खुशीत होती. चवळीत घातलेला हिरवा पाला कोवळा निवडलाय, देठसुद्धा बारीक चिरलेत.”

“एवढं कळतं, तर सांग बरं, मी आज कशी आहे?”

तो माझ्याकडे बघत राहिला. मी बघितलं नाही, पण कानापर्यंत तापले. मग त्यानं मान फिरवली आणि तोंडावर हात धरला.

“काय झालं?”

“कांदा खाल्लाय.”

मला कळायला एक क्षण लागला. मग मी त्याच्या पातेल्यातली कांद्याची सगळ्यात मोठी पाकळी उचलली आणि करकर चावून खाल्ली. डोळ्यांत पाणी आलं. “आता?”

…आता पुढचं काही सांगत नाही. कांद्याचा वास आला की अजूनही मला लाजायला होतं, एवढं पुरे.

आणि त्याच हिवाळ्यात त्यानं ते वाक्य म्हटलं. चवळीत काहीतरी चुकतंय. मी टोपी ओढली, हसले. पुढच्या सोमवारी तो पुन्हा म्हणाला, आणि या वेळी मी हसले नाही.

“काय चुकतंय? स्पष्ट बोल.”

“लिंबू येत नाही हल्ली गाठीत. आणि रस काळा आहे. चवळीचं पहिलं पाणी फेकायचं असतं ना? ते फेकलेलं नाही. मीठसुद्धा… मिरो, तू एकदा गावी जाऊन ये.”

“मी रोज फोन करते तिला. व्यवस्थित बोलते. वय झालंय तिचं, विसरली असेल पाणी.”

“तुझी आई पाणी विसरेल?”

“जन्मभर उकळत्या तेलात बटाटे सोडणाऱ्यानं माझ्या आईच्या हाताला नावं ठेवू नयेत!”

बोलून गेले. त्यानं पातेलं शांतपणे झाकलं, फडक्याची गाठ मारली, माझ्या शेजारी ठेवलं. टोपी नीट केली. “दुकानात जायला हवं,” म्हणाला आणि गेला. पाऊस आलाच शेवटी, पण मी तिथंच बसून होते.

पुढच्या सोमवारी पातेलं घेऊन एकटीच घरी आले. बर्गर नव्हता, भूक होती. किती महिन्यांनी मी आईचं पातेलं स्वतःसाठी उघडलं असेल! रस डांबरासारखा काळा. चवळी काही शिजलेली, काही दगडासारखी. एक घास तोंडात घेतला आणि तसाच बाहेर टाकला. मिठावर मीठ, त्यावर पुन्हा मीठ.

फोन लावला. “आई, आज मीठ जास्त झालं का गं?”

ती हसली, तिचं नेहमीचं हसू. “मला काय विचारतेस? तुझ्या बाबांना विचार. तेच म्हणाले कमी आहे, घाल अजून.”

बाबा जाऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती.

मी कशी धावले ते आठवत नाही. बर्गरच्या दुकानात गर्दी होती, रांग होती. मी सगळ्यांच्या पुढं जाऊन उभी राहिले. लोईझोसनं माझा चेहरा बघितला. टोपी काढून ठेवली, मालकाला एक शब्द म्हणाला आणि दुकानाची स्कूटर काढली. पाठीमागं बर्गर पोचवायची ती मोठी लाल पेटी तशीच. तिला टेकून मी बसले, आणि डोंगराची वळणं चढताना त्याच्या पाठीशी बोलले.

“तू कसं खात होतास रे ते?”

“खात होतो.”

“सगळं?”

“भरलेलं पातेलं परत गेलं असतं तर तिला वाटलं असतं, आवडलं नाही.” थोड्या वेळानं म्हणाला, “दोनदा पोट बिघडलं. पण ते बर्गरनंही बिघडतं.”

मी त्याच्या पाठीवर कपाळ टेकलं. वारा एवढा होता की मी रडतेय हे त्याला कळलं नसेल. कळलं असेल.

आई ओट्यावर बसून चवळी निवडत होती. दार सताड उघडं. आतल्या टेबलावर, खुर्च्यांवर, खाटेवर, खिडकीत घरातलं एकूणएक भांडं मांडलेलं. प्रत्येकाला फडकं, प्रत्येकाला चार टोकांची सुरेख गाठ. काहींना वास यायला लागला होता. तिला रोजच सोमवार वाटत होता.

माझ्याकडे बघून ती दचकली. “अगं, तू इथं कशी? मग डबा कुणाला पाठवू?”

लोईझोस पुढं झाला, तिच्यासमोर उकिडवा बसला. त्याला तिनं कधी पाहिलं नव्हतं. तिनं वाकून त्याच्या शर्टाचा वास घेतला.

“तू तो बटाट्यांचा ना रे?”

“हो, मावशी.”

“गार पडतात तुझे बटाटे. पण मन लावून करतोस.” तिनं त्याच्या गालावर हात ठेवला. “माझी पोर जेवते ना नीट?”

“जेवते, मावशी. सगळं संपवते.”

त्या संध्याकाळी तो अंगणातल्या नळाखाली एकेक पातेलं घासत बसला. मी शेजारी उभी राहून धुऊन घेत होते. हात साबणात, मान खाली, आणि तो म्हणाला, “मला तुला एक विचारायचंय. पण आत्ता विचारत नाही. आत्ता भांडी आहेत.”

“हो,” मी म्हटलं.

“हो म्हणजे, आत्ता नको?”

“हो म्हणजे हो.”

त्याच्या हातातलं पातेलं नळाखाली तसंच राहिलं. भरलं, वाहायला लागलं, तरी त्याला कळलं नाही.

आता आई आमच्याकडं असते, लिमासोलला, तळमजल्याच्या घरात. मुलगी झाली, तिचं नाव आमच्या रीतीप्रमाणे आजीचंच, थेक्ला. मी हाक मारली की सुरुवातीला दोघी वळून बघायच्या. आता एकटी लहानगीच बघते. मला आई ‘बाई’ म्हणते. चांगल्या घरची वाटता, म्हणते. तुमचं बाळ गोड आहे, म्हणते. मी गॅसचा नळ पुन्हा पुन्हा तपासते. बाळाच्या घासाआधी आईचा घास चाखते, आईच्या घासाआधी बाळाचा. रात्री दोघींचा श्वास ऐकल्याशिवाय झोपत नाही. लोईझोस म्हणतो, तू जरा बस. मला बसवत नाही.

आणि सोमवारी ती माझ्या स्वयंपाकाच्या ओट्याशी येते. चवळी मीच शिजवते, पहिलं पाणी फेकून. ती फक्त फडकं बांधते. तिच्या बोटांना गाठ अजून येते. मग पातेलं उचलून माझ्या हातात देते. “बाई, बस आली का हो? शहरात माझी मुलगी आहे. एकटी असते. काहीबाही खाऊन राहते.”

पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी पातेलं धरून नुसती उभी राहिले. लोईझोसनं ते माझ्या हातातून घेतलं. “मी पोचवतो, मावशी. त्याच बाजूला चाललोय.” पुढच्या दारानं बाहेर पडला. आईनं खिडकीतून त्याला हात केला. तो घराला वळसा घालून गेला, आणि मागच्या, स्वयंपाकघराच्या दारावर टकटक झाली. मी उघडलं. तो उंबऱ्यात उभा होता, दोन्ही हातांत पातेलं, धापा टाकत, जणू खरंच डोंगरावरून आलाय.

“तुमच्या आईनं पाठवलंय,” म्हणाला. “गरम आहे तोवर खाऊन घ्या.”

तेव्हापासून दर सोमवारी तो असाच येतो. मी उंबऱ्यातच बसते, झाकण उघडते, आणि शेवटच्या दाण्यापर्यंत खाते. संध्याकाळी तो रिकामं पातेलं आईपुढं धरतो. “सगळं संपवलं तिनं, मावशी.” त्या क्षणी आईचा चेहरा जसा होतो… तो मुलीला दाखवायला म्हणून मी तिला कडेवर उचलून घेते.

तुम्हालाही कुणीतरी घरून काही पाठवत असेल. डबा, लोणचं, लाडू, काहीही. तो घास आज दुसऱ्याला देऊ नका. स्वतः चाखा, सावकाश. काही वेगळं लागलं तर फोन करू नका. फोनवर सगळ्यांचं सगळं ठीकच असतं.

जाऊन या. आजच.