मुहन्नाच्या चपला

त्या दिवशी माझा मोजा फाटला नसता, तर मुहन्ना मला भेटलाच नसता.

पाटावर भांडी घासताना मी पिवळे रबरी मोजे घालायचे. आईची सक्तीच होती. बायका टोमणे मारायच्या, "पाटकऱ्याची लाडकी गं, नखं तुटतील!" मीही त्यांच्याबरोबर हसायचे. खरं कारण सांगितलं असतं, तर एकीलाही हसू आलं नसतं.

आमच्या पाटाचं पाणी डोंगरातल्या भुयारातून येतं, आणि त्या भुयारात वरून ठिकठिकाणी विहिरी उतरतात. वर त्या भुयारात कुणाचा पाय पाण्यात असला आणि खाली माझं बोट त्याच पाण्यात बुडालं, की त्याचं बोलणं मला ऐकू येतं. शमसा आत्यालाही यायचं. एका लग्नात तिच्या तोंडून ते निघून गेलं, आणि त्या दिवसापासून गावात कुणी तिच्या हातची कॉफी घेतली नाही. वर्षभराने ती कुठे निघून गेली, ते बाबांनाही माहीत नाही. ती त्यांची सख्खी बहीण, पण घरात तिचं नाव काढायचं नाही.

तर मोजा फाटला. बोटाला गार पाणी लागलं, आणि...

"तिसरी विहीर झाली... या अल्लाह, अजून चौथी... हल रे पाया, हल..."

एका मुलाचा आवाज, भीतीने पार चिरकलेला. मी हात झटकन काढला. थोड्या वेळाने भुयार दुरुस्त करणाऱ्या कंत्राटदाराचा पुतण्या मुहन्ना भुयाराच्या तोंडातून बाहेर आला. कानापर्यंत चिखल, आणि तोंडाने मस्त शीळ!

मला राहवलं नाही. "चौथी विहीर फार लांब आहे का रे?"

शीळ थांबली.

"तू... कुठून ऐकलंस?"

"वाऱ्यावरून."

"भुयारात वारा नसतो." तो माझ्या फाटक्या मोज्याकडे बघत राहिला. आता याने बोंब मारली की संपलंच. पण त्याने मी टेकले होते त्या भिंतीवर तळहात ठेवला आणि हळूच म्हणाला, "इथून उठ. ही उद्या दुपारपर्यंत पडेल."

"शहाणाच आहेस!"

"दगड सांगतात मला. म्हणून काका मला पहिलं आत सोडतो. आणि म्हणूनच मी घाबरतो... डोक्यावरचा प्रत्येक दगड काय म्हणतोय, ते कळतं ना."

दुसऱ्या दिवशी दुपारी भिंत पडली. मी लांब उभी होते, ओढणी तोंडात धरून.

त्यानंतरचे वीस दिवस मी फाटका मोजाच वापरला. भुयाराचं छत दुरुस्त करायला वर डोंगरात बांध घालून पाणी अडवलं होतं, तरी सूतभर धार वाहतच असायची. त्या धारेतून तो माझ्याशी बोलायचा. मला काही उलट पाठवता यायचं नाही.

"ऐकतेस ना, रय्या? आज निळी ओढणी आहे की हिरवी? उत्तर देता येत नाही ना... किती बरं! मुलगी मध्येच तोडत नाही, असं भाग्य कुणाला मिळतं?"

बाहेर आला की मी उट्टं काढायचे. "दुसऱ्या विहिरीपाशी आई गं म्हणून कोण ओरडलं रे?"

"काका."

"काकाचा आवाज तुझ्यासारखा बारीक आहे?"

तो लाजायचा, तेव्हा चिखलातून फक्त कान लाल दिसायचे. मला ते कान आवडायला लागले होते, काय करू?

आता चपलांचं सांगते. भुयारात जाणारा चपला तोंडाशी असलेल्या दगडावर काढून ठेवतो. एक जरी जोड तिथे असला, तरी बांध फोडायचा नाही. दुसरा नियम बाबांच्या खांबाचा; पाटकरी म्हणून पाण्याच्या पाळ्या तेच लावतात. खिशाखिशात मोबाइल आले, पण आमच्या पाण्याची पाळी खांबाच्या सावलीवरच चालते. सावली दुसऱ्या खुणेवर आली, की भुयारातलं काम बंद, आणि बांध फोडून गावाला पाणी.

त्या गुरुवारी डोंगरावर ढग होते. खांबाला सावलीच नव्हती. आणि मी, अक्कल गहाण टाकलेली मी, मुहन्नाच्या चपला उचलून खजुराच्या टोपलीखाली लपवल्या. तो अनवाणी माझ्याकडे मागायला येईल, मी जरा भाव खाईन, एवढंच मनात होतं.

माणसं एकेक करून बाहेर आली. मुहन्नाच्या काकाने दगडाकडे पाहिलं. "गेला वाटतं माझ्याआधी. भित्रट!"

बाबांनी आभाळाकडे पाहिलं, खांबाकडे पाहिलं. शेवटी रिकाम्या दगडाकडे पाहून त्यांनी वरच्या माणसाला फोन लावला. "फोड रे बांध."

मी टोपलीकडे पाहिलं. चपला तिथेच होत्या.

मी मोजा ओढून काढला आणि दोन्ही हात पाटात घातले.

"पाचवी... पाचवीच ना ही? काका? बाजूच्या फाट्यात छत बघत होतो... सगळे गेले का? रय्या, दगड थरथरतायत..." मग एकदम बारीक आवाजात, "पाणी सुटलंय. रय्या, पाणी सुटलंय गं."

"बाबा!" मी किंचाळले. "मुहन्ना आत आहे! चपला मी लपवल्या... मी!"

काका टोपलीकडे धावला. बाबा पुन्हा फोन लावत होते, पण फुटलेला बांध फोनने बुजत नाही. पाव तासात पाणी भुयारात पोचणार होतं, आणि डोंगरावर भुयारात उतरणाऱ्या विहिरी अकरा.

"कुठल्या विहिरीखाली आहे पोरगा?" काका छाती पिटत ओरडत होता. "अरे, कुणाला काही ठाऊक आहे का?"

मला ठाऊक होतं. पाटावर अर्धा गाव जमला होता. आई गर्दीतून मान हलवत होती... नको, नको. शमसा आत्याची मला एकच आठवण आहे, कॉफीचा भरलेला पेला हातात धरून उभी. समोर बायकांची रांग, आणि एकही हात पुढे येत नव्हता. मी पाच वर्षांची होते. खूप भीती वाटली मला, खोटं कशाला बोलू?

"पाचवी," मी म्हणाले. "पाचव्या विहिरीखाली आहे. मला पाण्यातून ऐकू येतं. शमसा आत्यासारखं."

एक बाई लेकराला कडेवर घेऊन मागे सरकली. बाबा माझ्याकडे बघत राहिले, बहुधा मी त्यांना दिसतच नव्हते. मग ते केवढ्याने तरी ओरडले, "दोर! पाचवी विहीर! पळा!"

मी पळाले नाही. पाण्यातून हात काढायचा धीर होईना.

"रय्या, दोर दिसतोय... हात पोचत नाही... थांब, दगडावर चढतो. हा धरेल म्हणतोय. धरेल..." मग नुसता खळाळ. पाणी माझ्या कोपरापर्यंत चढलं, त्यात चिखल होता, काड्या होत्या, आणि आवाज नव्हता. मी तशीच बसून राहिले.

कुणीतरी डोंगरावरून हाक दिली, "आहे! जिवंत आहे!"

तासाभराने त्याला आंब्याखाली आणून बसवलं. ओठ निळे, तळहात सोललेले. अख्खा गाव भोवती उभा होता, आणि माझ्या चारी बाजूंना मात्र मोकळी जागा होती. बाबांनी स्वतः किटली माझ्या हातात दिली.

"पोरी, सगळ्यांना कॉफी दे."

मी पेला भरून पहिल्या माणसापुढे धरला. तो चपलेचा अंगठा बघत राहिला. दुसऱ्याला एकदम खोकला आला. तिसऱ्याने उपास असल्याचं सांगितलं. तेवढ्यात एक सोललेला हात पुढे आला.

"इकडे आण."

मुहन्नाने एका घोटात पेला संपवला आणि पुन्हा पुढे केला. आमच्याकडे पुरे झालं की रिकामा पेला जरासा हलवायचा असतो, नाहीतर वाढणारा ओततच राहतो. त्याने हलवला नाही. मी ओतली. तो प्यायला. पुन्हा पुढे केला.

"पेला हलव," मी पुटपुटले. डोळ्यांतलं पाणी किटलीवर पडत होतं. "नाहीतर मला ओतत राहावं लागेल."

"किती दिवस?"

"तू हलवेपर्यंत."

"मग राहा ओतत," तो म्हणाला. "मी हा पेला जन्मात हलवणार नाही."

त्याचे कान लाल झाले होते. काकाने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि घसा खाकरून आपलाही पेला पुढे केला.